शेठ आणि मावशी

दुकानाच्या गल्ल्यावर पुरुष बसला की तो शेठ होतो. मग दुकान मोठं किराणाचं असो की पत्र्याची टपरी. जमिनीवर गोणपाट अंथरून बसलेली बाई मात्र मावशी. माझं माहेर शहापूरचं, सासर मुरबाडचं. दोन्ही बाजारांत ही रीत मी सारखीच पाहिली.

लहानपणी दारावर येणाऱ्या बायकांना आम्ही त्यांच्या नावाने ओळखत नव्हतो. कासारीण, बोहारीण, कोळीण ही जातीची नाहीतर धंद्याची ओळख. सुकटवाली, मोळीवाली ही डोक्यावरच्या मालाची. मे महिन्यातली करवंदवाली पावसाच्या तोंडावर भाजीवाली व्हायची आणि दिवाळी उलटली की मोळीवाली. बाई तीच, माल बदलला की हाक बदलायची. आजी तिला सरळ ‘ए कातकरणी’ म्हणायची आणि ती आजीला ‘बाय’. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल घेऊन आलेला गडी चार दिवसांत व्यापारी म्हणवून घेतो. वर्षभर माल विकणारी ही ‘वाली’च राहते.

खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, खैर तोडणं बंद झालं आणि कात गेला. उरली वीटभट्टी, मजुरी आणि हंगामात रान देईल ते. रानातलं गोळा करायला घरातले सगळे जातात, पण बाजारात पाटी घेऊन बसते ती बाई. आसनगाव स्टेशनाबाहेर, खर्डी-कसाऱ्याच्या रस्त्याला, माळशेजच्या वाटेवर टोकावड्यापाशी, कुठेही पाहा.

ती नुसती विकत नाही. जूनमध्ये शेवळ या रानभाजीच्या जुड्या येतात. नवखं गिऱ्हाईक लांबूनच विचारतं, हे काय गं? मग ती एक शेवळ उचलते, वरचा तपकिरी पापुद्रा नखाने सोलते, आतला दांडा मोडून पिवळा भाग बाजूला टाकते. ‘ह्या टाकायचा. ह्या बारीक चिरायचा. आन काकडं घाल, नायतर घसा खाजंल.’ काकडं म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी हिरवी, आंबट फळं. जुडीसोबत ती मूठभर टाकते, कारण त्यांच्याशिवाय ही भाजी करायचीच नसते. कोरल, टाकळा, कंटोळी, भारंगी, प्रत्येकीची वेगळी तऱ्हा. कुठली उकडून पिळायची, कुठली नुसती परतायची, हे आमच्या आळीतल्या सुना सासूकडून कमी आणि या बायकांकडून जास्त शिकल्या. पुढे आठवडे बाजारात कंपन्यांची टेबलं लागली. रंगीत छत्री, पाठीवर कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, हातात शाम्पूच्या पुड्या. केसांना कसं लावायचं हे सांगणारी पोरगी म्हणजे सेल्सगर्ल, आणि तिला सगळे ‘मॅडम’ म्हणत. काम दोघींचं एकच होतं. एकीला पगार होता, दुसरीला उरलेली भाजी घरी न्यायची होती.

मावशी म्हणण्यात माया असते, हे खरं. पण त्यात सोयही असते. शेठने वजन करून दिलं की आपण पुडा उचलून निघतो. मावशीने वाटा लावला की म्हणतो, ‘वरून घाल की गं जरा!’ मावशीकडे हट्ट चालतो, म्हणून भाव पाडणंही चालतं. नातं जोडायचं आणि त्याची किंमत तिनेच मोजायची.

साहेबी आणि सरकारी शब्दही आले. हिंदुस्तान लिव्हरने 2001च्या सुमारास खेड्यातल्या बायकांकडून साबण-पुड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना ‘शक्ती अम्मा’ म्हटलं. महाराष्ट्रात 2011मध्ये ‘उमेद’ अभियान उभं राहिलं, मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’मध्ये पापड-मसाले घेऊन जाणाऱ्या बचत गटांच्या बायका कागदोपत्री ‘उद्योजिका’ झाल्या. 2023 पासून तर वर्षाला लाखाची कमाई करणारी बाई ‘लखपती दीदी’. शब्द मानाचा आहे, कमाईचाही आहे. तरी अम्मा काय, दीदी काय, नातं काही सुटत नाही. लाख कमावणाऱ्या पुरुषाला कुणी ‘लखपती दादा’ म्हणत नाही.

हल्ली मुरबाडच्या बाजारात भाजीच्या वाट्यांशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा टेकवलेला असतो. स्कॅन केला की पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं. पुष्कळदा ते मुलाचं असतं, नाहीतर नवऱ्याचं. कधीमधी तिचं स्वतःचं, आडनावासकट. ते वाचल्यावर ‘वरून घाल गं मावशी’ म्हणताना जीभ जरा अडखळते. अडखळू दे.