साठ दिवस, चार लिटर

सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ‘नेढं’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सुईला असतं ते नेढं, आणि डोंगराच्या अंगात आरपार पडलेलं भोक तेही नेढंच. राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडाच्या माथ्यावर आहे, मदनगडाला आहे. आत भणाण वारा असतो, बसलं की उठवत नाही, आणि ‘कडेला जाऊ नका रे’ असं ओरडणारा एक तरी शहाणा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आपल्याकडची अशी नावाजलेली नेढी मोजायला हाताची बोटं पुरावीत. अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब नावाच्या छोट्या गावाबाहेर ‘आर्चेस’ राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे दोन हजारांवर नेढी आहेत. त्यांची रीतसर नोंद ठेवलेली आहे. नोंदीत जागा मिळवायची तर भोक कुठल्या तरी एका दिशेने किमान तीन फूट हवं. पावणेतीन फूट असेल तर ते नुसतंच भोक.

ही व्याख्या वाचून आम्ही चौघे भलतेच खूश झालो होतो. चौघेही इंजिनिअर. थ्रेशोल्ड ठरलेला आहे, डेटाबेस आहे आणि मधूनमधून रेकॉर्ड डिलीटही होतात, यापेक्षा जास्त काय हवं? ‘वॉल आर्च’ नावाचं एक मोठं नेढं २००८ सालच्या ऑगस्टमध्ये एका रात्री कोसळलं. पडताना कुणी पाहिलं नाही. सकाळी लोक आले तेव्हा वाटेवर दगडांचा ढीग होता.

चौघे म्हणजे मी, कराडकर, अकोलेकर आणि नाशिककर. कॉलेजच्या हॉस्टेलपासून ही गावांचीच नावं चालत आली आहेत, ती इथे डेन्व्हरला आल्यावरही बदलली नाहीत. नाशिककर ही आमच्यातली एकटी मुलगी आणि एकटी खरी इंजिनिअर. तिने सिव्हिल करून पुढे मातीचा आणि दगडाचा अभ्यास केला. आम्ही बाकीचे तिघे सॉफ्टवेअरवाले. त्यातल्या कराडकरची नोकरी एप्रिलमध्ये गेली. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. सकाळी नऊला पंधरा मिनिटांची मीटिंग, साडेनऊला लॅपटॉप लॉक, ही पद्धत सगळीकडे एकच आहे.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी शोधायची, तिच्याकडून अर्ज दाखल करवून घ्यायचा, किंवा वेगळ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज टाकायचा, नाहीतर सामान आवरायचं. शनिवार-रविवार त्या साठातच धरलेले असतात. आम्ही मोआबला निघालो तो कराडकरचा बेचाळिसावा दिवस होता. ट्रिपचा हट्ट त्याचाच. “घरात बसून मेल रिफ्रेश करून करून बोट झिजलं गड्या,” एवढंच म्हणाला. कराडला घरी त्याने अजून काहीच सांगितलं नव्हतं.

डेन्व्हरहून मोआब गाडीने साडेपाच-सहा तास. रॉकी पर्वत ओलांडून ग्रँड जंक्शन मागे पडलं की झाडं संपतात आणि जमीन लाल व्हायला लागते. हे वाळवंट आपल्या डोक्यातल्या वाळवंटासारखं नाही. वाळूच्या टेकड्या नाहीत, उंट नाहीत. समुद्रसपाटीपासून चार-पाच हजार फुटांवर पसरलेला हा दगडी प्रदेश आहे. थंडीत इथे बर्फ पडतो, उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि वर्षभरात सगळा मिळून आठ-दहा इंच पाऊस. आपल्या महाबळेश्वरला जुलैतल्या एका जोरदार दिवसात एवढा पाऊस होतो.

हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही. सह्याद्रीत मे महिन्यात चढ चढताना शर्ट पिळून काढावा लागतो. इथे शर्ट कोरडा राहतो आणि संध्याकाळी टोपीवर पांढऱ्या रेघा दिसतात. पाणी उडून गेलेलं असतं, मीठ मागे उरलेलं असतं.

मिठावरून नाशिककर सुरू झाली. तिच्या मते आर्चेसची सगळी कथा मिठाची आहे. तीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र यायचा, आटायचा, पुन्हा यायचा. त्यातून हजारो फूट जाडीचा मिठाचा थर साचला. पुढे त्यावर वाळू आणि गाळ बसत गेला, त्याचा दगड झाला. पण प्रचंड वजनाखाली मीठ घट्ट राहत नाही. मळलेल्या कणकेवर तळवा दाबला की ती बाजूने वर येते, तसं ते सरकतं आणि फुगतं. वरचा वालुकाश्म या फुगण्याने ओळीत तडकला. तड्यांमध्ये पाणी शिरलं, गोठलं, पसरलं, पुन्हा वितळलं. तडे रुंद झाले आणि मध्ये उरल्या उभ्या पातळ भिंती. त्या भिंतींचा खालचा मऊ भाग आधी झिजला की नेढं पडतं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, काळाकभिन्न. हा वाळूचा, नखाने खरवडला तर बोटाला लाली लागेल असा.

‘लँडस्केप आर्च’ हे इथलं सगळ्यात लांब नेढं. ३०६ फुटांची कमान आणि मध्यभागी इतकी बारीक की बघतानाच छाती दडपते. १९९१च्या सप्टेंबरमध्ये तिच्या पोटाखालून साठ फूट लांबीचा दगडाचा तुकडा सुटला. खाली पर्यटक बसले होते. आधी कडकड आवाज झाला म्हणून ते पळाले आणि वाचले. तेव्हापासून कमानीखालून जाणारी वाट बंद आहे. आम्ही कुंपणापाशी उभे राहून बघत होतो. अकोलेकर म्हणाला, “आवाज तरी झाला बे. आमच्या मीटिंगला तोही होत नाही.” कराडकर सगळ्यात मोठ्याने हसला, म्हणून आम्हीही हसलो.

संध्याकाळी ‘डेलिकेट आर्च’ केलं. हे ते युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असतं ते. जाऊन-येऊन तीन मैल, पण उघड्या खडकावरचा सलग चढ. वाट जिथे सुरू होते तिथे लाकडी ओंडक्यांची एक झोपडीवजा खोली आहे. जॉन वेस्ली वुल्फ नावाचा माणूस १८९८ साली ओहायोहून मुलाला घेऊन इथे आला. यादवी युद्धात जायबंदी झालेला पाय घेऊन त्याने इथे गुरं पाळली. पुढे मुलगी आली, तिच्यासाठी जरा बरी खोली बांधली, तीच आज उभी आहे. १९१० साली सगळे ओहायोला परत गेले. झोपडीच्या पुढे थोड्या अंतरावर यूट लोकांनी खडकावर कोरलेली चित्रं आहेत. घोड्यावर बसलेली माणसं आणि रानमेंढ्या. घोडा या खंडात स्पॅनिश लोकांबरोबर आला, त्यामुळे चित्रं त्यानंतरची. वुल्फ आला त्याच्या कितीतरी आधी ती माणसं इथे राहत होती, शिकार करत होती. अशा ठिकाणी मुक्कामाची मुदत वगैरे गोष्टी डोक्यात घेऊन हिंडणारे आम्हीच काय ते.

पण कराडकरला खरं बघायचं होतं ते दुसरंच. दक्षिणेकडे ‘कॅनियनलँड्स’ राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ग्रीन आणि कोलोरॅडो या दोन नद्या मिळतात. कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात, त्याला प्रीतिसंगम म्हणतात. त्या घाटावर लहानपण गेलेल्या माणसाला जगातला कुठलाही संगम म्हणजे आपल्या नात्यातलाच वाटतो. इथे हजारेक फूट उंचीच्या कड्यावर उभं राहून खाली दोन वेगवेगळ्या रंगांची पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसतात, असं त्याने वाचलं होतं. वाट जाऊन-येऊन दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. वाटेत पाण्याचा थेंब नाही.

नियम आदल्या रात्री मोटेलमध्ये ठरला. प्रत्येकी चार लिटर पाणी. कुणा एकाचंही दोन लिटर उरलं की चौघांनी वळायचं. कोणी पुढे, कोणी मागे, असं करायचं नाही. नाशिककरने हे एका कागदावर लिहिलं आणि सगळ्यांना सही करायला लावली. अकोलेकरने त्याखाली तारीखही टाकली.

सकाळी उजाडताच चालायला लागलो. इथे वाट म्हणजे पायवाट कमी आणि लगोऱ्या जास्त. खडकावर पाऊल उमटत नाही, म्हणून ठराविक अंतरावर दगडांची लगोरी रचलेली असते. एकीपाशी उभं राहून दुसरी शोधायची. मध्ये मोकळी माती लागली की तिच्यावर पाय द्यायचा नाही. तिच्यावर काळसर, खडबडीत साय धरलेली असते. ती जिवंत असते. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल मिळून मातीचे कण धरून ठेवतात, पाणी मुरवतात. एका बुटाचा ठसा भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

नऊपर्यंत मजेत चाललो. भडंग खाल्लं, फोटो काढले. मग ऊन डोक्यावर आलं आणि दगड खालून तापायला लागला. दहाच्या सुमारास एका पुढे आलेल्या खडकाच्या सावलीत थांबलो आणि नाशिककरने बाटल्या बाहेर काढायला लावल्या. तिचं अडीच लिटर, माझं आणि कराडकरचं त्याच्या जरा वर. अकोलेकरचं बरोबर दोन. गडी अंगाने थोराड, पाणी जास्त लागणारच. नकाशावर संगम अजून दीड किलोमीटर होता.

“तुम्ही जाऊन या, मी इथे सावलीत बसतो,” अकोलेकर म्हणाला. कुणी काही बोललं नाही. सगळे कराडकरकडे बघत होतो. त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाला, “सही केलीय. वळू या.”

मी म्हणालो, “दीड किलोमीटर आहे रे. अर्धा तास.”

“आणि अर्धा तास परत. ते पण उन्हात.” मग जरा थांबून म्हणाला, “मी पण माझा आकडा टाकून ठेवलाय. पंचेचाळीस. पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत ऑफर आली नाही तर तिकीट काढायचं. गाडी विकायला, घराचं बघायला दोन आठवडे पाहिजेत. एकोणसाठाव्या दिवशी पळत सुटायचं नाही.”

तो दिवस चव्वेचाळिसावा होता. हा आकडा आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. गेले सहा आठवडे मी त्याला रोज एकच सांगत आलो होतो, की थांब, दोन इंटरव्ह्यू चालू आहेत, व्हिजिटर व्हिसाचा अर्ज टाकून आणखी काही महिने काढता येतील. नाशिककरलाही त्याचं म्हणणं पटलं नाही. तिने सरळ सांगितलं, “पाण्याचं आणि नोकरीचं गणित एक नाही. इथे पुढच्या वळणावर पाणी मिळणार नाही हे नक्की आहे. नोकरीचं तसं नाही. उद्या फोन येऊ शकतो.”

“येऊ शकतो,” कराडकर म्हणाला. “पण डोकं गार असताना आकडा टाकला नाही, तर रोज वाटतं अजून एक दिवस. पाणी संपल्यावर माणूस शहाणपणाने ठरवत नाही. म्हणून तर तू काल रात्री सही घेतलीस.”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. परतताना मी त्याच्या मागे चालत होतो. त्याच्या जाण्याने माझं काय जाणार होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. आठ वर्षांचा रूममेट, रविवारचं पिठलं, आजारी पडल्यावर फोन करायचा पहिला नंबर. शिवाय अजून एक गोष्ट होती. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतात जन्मलेल्यांचं थांबणं दशकांत मोजतात, आणि त्या रांगेत उभं राहिलेल्याने कुठे वळायचं हे कुठेही लिहिलेलं नसतं. तो वळला म्हणजे बाकीच्यांना निदान विचार तरी करावा लागणार. गाडीपाशी पोचलो तेव्हा अकोलेकरकडे दोन घोट उरले होते.

मोआबला रात्री आठला त्याने घरी फोन लावला. कराडला सकाळचे साडेसात. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो, पण मोटेलचं आवार केवढं असणार? त्याच्या वडिलांचा आवाज स्पीकर नसतानाही ऐकू येत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “जेवलास का?” आणि मग, “आंबं संपायच्या आत ये.”

ऑफर आली नाही. सत्तावन्नाव्या दिवशी आम्ही त्याला विमानतळावर सोडलं. तो आता पुण्यात काम करतो आणि शनिवार-रविवारी कराडला जातो. त्याचा कुकर आमच्याकडे आहे. त्याचं ठरवणं बरोबर होतं का, यावर नाशिककर आणि माझं अजून एकमत होत नाही. सत्तराव्या दिवशी एका इंटरव्ह्यूवाल्यांचा पुढच्या फेरीसाठी मेल आला होता, हे ती दर वेळी सांगते. मी तिला गाडी किती किमतीला गेली ते सांगतो. घाईत विकली असती तर निम्मेही आले नसते.

बाकी तिघांनी आपापला आकडा टाकलाय. किती वर्षं, किती शिल्लक, आईवडिलांचं वय किती झाल्यावर. एकमेकांना दाखवलेला नाही, पण सह्या झाल्या आहेत. ऑक्टोबरमध्ये ऊन उतरल्यावर तिघे पुन्हा संगमाला जाणार आहोत, या वेळी माणशी सहा लिटर घेऊन. कराडकरला विचारलं, फोटो पाठवू का. “पाठवा की,” म्हणाला, “रंग खरंच वेगळे दिसतात का तेवढं नीट बघून सांगा.”