तीन लग्नं आणि एक चुकलेली पाटी

न्यूयॉर्कला जाऊन टाइम्स स्क्वेअर आणि स्टॅच्यू ऑफ लिबर्टी सगळेच करतात. मी मात्र एका हायप्रोफाइल बाईच्या जन्मतारखेच्या मागे लागले आणि ब्रुकलिनहून थेट ऑक्सफर्डशायरच्या एका चर्चच्या अंगणात जाऊन पोचले.

शनिवारची सकाळ. हातात कॉफीचे कागदी ग्लास, पायात नवे शूज (आणि अर्थातच टाचेला फोड!) आणि समोर ब्रुकलिनच्या कॉबल हिलमधली हेन्री स्ट्रीट. दोन्ही बाजूंना जुनी विटांची घरं, दारापर्यंत चढत गेलेल्या पायऱ्या, लोखंडी कठडे. ४२६ नंबरच्या घरासमोर आम्ही थांबलो. भिंतीवर पाटी होती. विन्स्टन चर्चिलची आई जेनी जेरोम हिचा जन्म जानेवारी १८५० मध्ये इथे झाला, असं सांगणारी.

'चुकलीय,' ताई म्हणाली.

'काय?'

'पाटी. सालच चुकलंय.'

ताई म्हणजे माझी आतेबहीण. दहा वर्षं जर्सी सिटीत आहे. सोमवार ते शुक्रवार बँकेच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधते आणि वीकेंडला लोकांच्या खानदानातले. सुरुवात अर्थात आमच्याच खानदानापासून झाली. आमचा छापील कुलवृत्तांत तिने कॉम्प्युटरवर चढवायला घेतला आणि पणजीपाशी गाडी अडली. पणजोबांच्या नावाखाली तिचं फक्त सासरचं नाव. माहेर नाही, जन्मसाल नाही. घरात कुजबुज एवढीच, की तिचं हे दुसरं लग्न होतं. पहिला नवरा लहानपणीच गेला. कोण होता, कुठला होता? सगळे गप्प.

'जेनीचं बरंय,' ताई म्हणाली. 'तीन लग्नं केली आणि तिन्ही सापडतात.'

मोठी बहीण कशी नंतर जन्मेल?

पाटी चुकली हे कळायला डिटेक्टिव्ह लागत नाही. जेनीची मोठी बहीण क्लारा जन्मली १८५१ मध्ये. मग धाकटी १८५० मध्ये कशी? जेनीची खरी तारीख ९ जानेवारी १८५४. जागेचाही घोळ आहेच. त्या सुमारास जेरोम कुटुंबाचा पत्ता होता दहा मिनिटांवरची अ‍ॅमिटी स्ट्रीट, आजचा नंबर १९७. हेन्री स्ट्रीटचं घर होतं तिच्या काकांचं. बाळंतपण काकांकडे झालं की स्वतःच्या घरी, यावर अजून वाद आहेत.

आम्ही अ‍ॅमिटी स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. टाचेने असहकार पुकारला होता, पण ताईला असल्या गोष्टी दिसत नाहीत.

जेनीचे वडील लेनर्ड जेरोम म्हणजे वॉल स्ट्रीटचा सट्टेबाज. पैसा आला की उधळायचा, गेला की पुन्हा कमवायचा. त्यांनी मॅडिसन स्क्वेअरच्या कोपऱ्यावर, २६व्या स्ट्रीटला आलिशान हवेली बांधली. घरातच चक्क सहाशे माणसांचं थिएटर! दुपारी आम्ही तिथे गेलो. आता तिथे उंच काळी ऑफिस बिल्डिंग आहे. हवेलीला १९६५ मध्ये शहराने लँडमार्कचा दर्जा दिला आणि १९६७ मध्ये ती पाडलीसुद्धा. मुंबईकराला हे ऐकून काही नवीन वाटत नाही.

याच पत्त्याची आणखी एक दंतकथा. पुढे या हवेलीत मॅनहॅटन क्लब आला. १८७४ च्या निवडणुकीनंतर जेनीने या क्लबच्या पार्टीत 'मॅनहॅटन' कॉकटेल बनवून घेतलं म्हणे. बारमध्ये सांगायला मस्त किस्सा. पण त्या नोव्हेंबरमध्ये बाई इंग्लंडमध्ये होत्या. ३० नोव्हेंबरला तिथल्या ब्लेनहाइम पॅलेसमध्ये विन्स्टनचा जन्म झाला. दिवस भरत आलेली बाई अटलांटिकपलीकडे पार्टी कशी देईल?

तिसरी दंतकथा घरचीच. आईच्या बाजूने आपल्यात इरोक्वॉय या मूळ अमेरिकन लोकांचं रक्त आहे, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. वंशावळवाल्यांनी कागद उलटेपालटे केले, पुरावा नाही. उलट वडिलांकडून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला एक लेफ्टनंट मात्र निघाला. त्याच्या जोरावर चर्चिलला 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' या वंशपरंपरागत संस्थेचं सदस्यत्व मिळालं. म्हणजे हवं ते पूर्वज मिळत नाहीत, आणि न मागितलेले कामी येतात.

तीन दिवसांत ठरलं, आठ महिने अडलं

माझं परतीचं तिकीट व्हाया लंडन होतं. ताईने 'होमवर्क' म्हणून तीन तारखा लिहून दिल्या. पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डच्या ट्रेनमध्ये मी त्या घेऊन बसले.

पहिली तारीख : १५ एप्रिल १८७४, पॅरिसमधली ब्रिटिश वकिलात. जेनी वीस वर्षांची, नवरा ड्यूक ऑफ मार्लबरोचा धाकटा मुलगा लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल. ओळख झाली ऑगस्ट १८७३ मध्ये, आयल ऑफ वाइटवरच्या काउझच्या बोटींच्या शर्यतींच्या वेळी. गंमत म्हणजे जेरोम घराणं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला गेलं ते याच बेटावरून. तिसऱ्या दिवशी दोघांचं ठरलंसुद्धा! मग आठ महिने घासाघीस. मुलाकडच्यांना अमेरिकन सट्टेबाज व्याही नको होता, पण पैसा हवा होता. आणि मुलीच्या बापाचं म्हणणं, पैशातला काही भाग माझ्या मुलीच्या हातात राहिला पाहिजे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये बायकोच्या मालमत्तेवर नवऱ्याचा हक्क चालायचा, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा मोठा कायदा यायचा होता १८८२ मध्ये. मुलाकडचे वकील चक्रावले. शेवटी ५० हजार पौंडांवर तोडगा निघाला, त्याच्या उत्पन्नातला अर्धा वाटा जेनीला. लग्नाला ड्यूक आणि डचेस आलेच नाहीत.

आता पुन्हा तारखा बघा. लग्न १५ एप्रिल, विन्स्टनचा जन्म ३० नोव्हेंबर. साडेसात महिने! घरच्यांनी सांगितलं, की पडल्यामुळे बाळ लवकर आलं. लोकांनी बोटं मोजली. आपल्याकडेही मोजलीच असती.

ऑक्सफर्डहून बस वुडस्टॉकला सोडते आणि गावाच्या टोकालाच ब्लेनहाइम पॅलेसचं गेट. आत गेल्यावर मान वर करून करून दुखते, इतकं अवाढव्य प्रकरण. विन्स्टन जन्मला ती खोली मात्र छोटीशी, तळमजल्यावरची. सगळे तिथे थांबतात. गाइडच्या बोलण्यात 'विन्स्टनची आई' हे शब्द दोनदा आले, तिचं नाव एकदा. मी मोजलं.

खरं तर हे गाव जेनीचं म्हणून दाखवायला हवं. जून १८८५ मध्ये रँडॉल्फ भारतमंत्री झाला, त्यासाठी त्याला वुडस्टॉकमधून पुन्हा निवडून यायचं होतं. साहेब लंडनला राहिले. जेनी घोडागाडी घेऊन दारोदार फिरली, शेतकऱ्यांना पटवलं आणि सीट निघाली. तिला स्वतःला मात्र मत नव्हतं. त्याच वर्षी तिला 'क्राउन ऑफ इंडिया' हा मान मिळाला, तो भारतमंत्र्याची बायको म्हणून.  मुलगा भारतात आला, १८९६ मध्ये. आपल्या ससून डॉकवर उतरताना लोखंडी कडं धरलं आणि खांदा निखळला, तो आयुष्यभर त्रास देत राहिला. तिथून पुणं, मग बंगळूर. बंगळूरहून आईला पत्रं जायची, पुस्तकं पाठव म्हणून. लष्करी नोकरीतल्या या पोराचं खरं विद्यापीठ पोस्टाने चालत होतं, आणि पार्सल बांधणारी होती जेनी.

मुलाच्या वयाचा नवरा

रँडॉल्फ १८९५ मध्ये गेला. दुसरी तारीख : २८ जुलै १९००, लंडनमधलं सेंट पॉल्स, नाइट्सब्रिज. वधू ४६, वर जॉर्ज कॉर्नवॉलिस-वेस्ट २५. जॉर्जचा जन्म १४ नोव्हेंबर १८७४ चा, म्हणजे विन्स्टनपेक्षा बरोबर सोळा दिवसांनी मोठा! सोसायटीत काय भूकंप झाला असेल, कल्पना करा. चौदा वर्षांनी घटस्फोट झाला. एप्रिल १९१४ मध्ये जॉर्जने लगेच मिसेस पॅट्रिक कॅम्बेल या नटीशी लग्न केलं. पुलंची 'ती फुलराणी' ज्या 'पिग्मॅलियन'वरून आली, त्यातली लंडनची पहिली फुलराणी तीच.

आणि इथे कागदपत्रांत मला आवडलेली गोष्ट येते. घटस्फोटानंतर जेनीने रीतसर कागद करून आपलं जुनं नाव परत घेतलं, लेडी रँडॉल्फ चर्चिल. तिसरी तारीख : १ जून १९१८, हॅरो रोडचं रजिस्टर ऑफिस. वर माँटेग्यू पोर्च, नायजेरियातला सरकारी अधिकारी, वय ४१. वधू ६४. विन्स्टन लग्नाला हजर, नवे 'बाबा' त्याच्याहून दोन-अडीच वर्षांनी लहान! पण या वेळी बाईंनी नवऱ्याचं नाव लावलंच नाही. इंग्लंडमध्ये बायकांना मताचा हक्क मिळायला सुरुवात झाली तीही याच वर्षी.

तुम्ही म्हणाल, लावलं ते तरी पहिल्या नवऱ्याचंच ना? मान्य. 'लेडी रँडॉल्फ' मध्ये जेनी कुठेच नाही. पण दोनदा ते नाव तिने स्वतः निवडलं, तिच्यावर कोणी चिकटवलं नाही. तेवढी जागा तिला मिळाली, कारण पैसा होता, ओळखी होत्या आणि नोंदी होत्या.

नोंदींचीही एक गंमत ताईने सांगितली होती. इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यात वर-वधूच्या वडिलांचं नाव आणि व्यवसाय असायचा. आईसाठी रकानाच नव्हता. १८३७ पासून नोंदणी चालू, आणि आईचं नाव आत आलं मे २०२१ मध्ये! हसू नका. आपल्या महाराष्ट्रातही सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावण्याचा निर्णय २०२४ चा, तोही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी.

ब्लेडनच्या बाकावरून

वुडस्टॉकहून ब्लेडन चालत अर्ध्या तासावर. छोटं गाव, सेंट मार्टिन्स चर्च, मागे गवत आणि कबरी. चर्चिलची कबर बघायला चार-पाच जण आले होते. तिथेच त्याचे आई-वडील. मे १९२१ मध्ये सॉमरसेटमध्ये मैत्रिणीकडे राहायला गेलेली जेनी, नव्या उंच टाचांच्या शूजमध्ये, जिन्यावरून घसरली. घोटा मोडला, गँगरिन झालं, पाय कापावा लागला. २९ जूनला ती गेली, वयाच्या ६७ व्या वर्षी. तिसरा नवरा जिवंत होता, तो १९६४ पर्यंत जगला. तिला मात्र पहिल्या नवऱ्याच्या शेजारी जागा मिळाली.

मी माझ्या टाचेकडे बघितलं आणि बाकावर बसले. भारतात दिवेलागणीची वेळ झाली होती. आजीला फोन लावला.

'आजी, तुझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय गं?'

'अगो, सासूला नाव विचारायची टाप होती का आमची?'

मी म्हटलं, बरं. ती काही बोलेना. मला वाटलं, फोन कट झाला.

'एकदा तांदूळ निवडताना त्याच म्हणाल्या होत्या,' आजी म्हणाली. आणि तिने एक नाव सांगितलं. लहान, दोन अक्षरी. 'आई मला ह्या नावाने हाक मारायची, म्हणाल्या. मग रडल्या. मी कोणाला बोलले नाही.'

'आणि पहिलं घर?'

'ते नाही हो माहीत. माहेरचं गाव तेवढं सांगितलं होतं.' गावाचंही नाव सांगितलं.

ते नाव मी इथे छापत नाही. ते आधी कुलवृत्तांतात जायचंय, पेन्सिलने का होईना. ताईला मेसेज टाकला. न्यूयॉर्कमध्ये सकाळ होती, ती मीटिंगमध्ये असणार. तरी मिनिटात उत्तर आलं : 'गाव मिळालं? मग सुरू.'

जायचंय?

ब्रुकलिन : सबवेची एफ किंवा जी ट्रेन, बर्गन स्ट्रीट स्टेशन. हेन्री स्ट्रीट आणि अ‍ॅमिटी स्ट्रीट दोन्ही चालत होतात. घरं खासगी आहेत, बेल वाजवू नका.

ब्लेनहाइम : लंडन पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड, पुढे वुडस्टॉकची बस. अख्खा दिवस ठेवा.

ब्लेडन : वुडस्टॉकहून चालत. नवे शूज घालू नका.

आणि निघण्याआधी : घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर एक प्रश्न विचारून ठेवा.