खणण्याची रीत

उद्यान सार्वजनिक आहे म्हणून ते खणायची मुभा सगळ्यांना मिळत नाही. इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी ठाऊक असायला हवं. पार्कची जमीन बहुधा तिथल्या कौन्सिलच्या मालकीची असते आणि तिची परवानगी लागते. काही कौन्सिल ती देतात, काही साफ नाकारतात. लंडनच्या हाइड पार्क, रिचमंड पार्क अशा रॉयल पार्कांत तर बंदीच आहे. या नकारांचा मला राग येत नाही. कुणीतरी खणून उघडे टाकलेले खड्डे भरायचं काम शेवटी माळ्याच्या गळ्यात पडतं, आणि पुढच्या माणसाचा अर्ज त्याच खड्ड्यांमुळे फेटाळला जातो.

खणणं हे या छंदातलं खरं कसब आहे. यंत्र कुणीही विकत घेईल. यंत्राची कॉइल, म्हणजे खालची चकती, एका दिशेने फिरवली की आवाज येतो, पण वस्तू नेमकी कुठे हे कळत नाही. काटकोनात वळून पुन्हा फिरवायची. दोन्ही रेघा जिथे छेदतील तिथे वस्तू. एवढा धीर धरला तर तळहाताएवढी जागा पुरते, नाही तर ताटाएवढी उकरावी लागते. मग अरुंद पात्याने तीन बाजूंनी कापायचं आणि चौथी बाजू जोडलेलीच ठेवायची, म्हणजे गवताची ढेप दाराच्या झडपेसारखी उघडते आणि मिटते. पातं सरळ उभं धरायचं आणि चांगलं चार-पाच इंच खोल घालायचं. नवखा माणूस वरवर कापतो. त्याला वाटतं, आपण गवताला जपतोय. पण वरवर कापल्यानेच मुळं अर्ध्यात तुटतात आणि काही दिवसांत तिथे पिवळा डाग उठतो. खोल कापलेली ढेप मुळं आणि माती धरून उलटते, म्हणून परत बसली की जीव धरते.

सुटी माती गवतावर टाकायची नाही. शेजारी फडकं अंथरायचं, माती त्यावर काढायची आणि शेवटी फडक्याची टोकं उचलून सगळी खड्ड्यात ओतायची. वस्तू हाती आली तरी पिनपॉइंटर, म्हणजे हातात धरायचा छोटा डिटेक्टर, पुन्हा एकदा आत फिरवायचा, कारण एका नाण्याखाली दुसरं असू शकतं आणि तीच जागा दोनदा उघडणं गवताला सोसत नाही. मग ढेप मिटवून पायाने घट्ट दाबायची. सैल राहिली तर गांडुळांच्या शोधात पक्षी ती उचकटतात, आणि खेळायला आलेल्या एखाद्या पोराचा पाय त्यात मुरगळतो.

एवढं करून हाती येते बहुधा कॅनची कडी. पातळ सोन्याची अंगठी आणि ही कडी डिटेक्टरच्या पडद्यावर जवळजवळ सारखाच आकडा दाखवतात, म्हणून कड्या खणाव्याच लागतात. खणल्यावर मात्र कडी खिशात गेली पाहिजे. बाटलीची झाकणं, चॉकलेटची चांदी, काचांचे तुकडे, सगळंच. कचरा परत मातीत लोटणाऱ्याला मी या छंदातला मानत नाही.

न खणण्याचेही दिवस असतात. उन्हाळ्यात पावसाने ओढ दिली, जमीन टणक झाली की कापलेलं गवत पुन्हा धरत नाही. तेव्हा पार्क सोडून द्यायचा. जुन्या झाडांच्या मुळांशी, फुलांच्या वाफ्यांत, क्रिकेटच्या खेळपट्टीवर आवाज कितीही गोड येवो, पुढे चालायचं.

आणि कधीकधी अर्ध्यात थांबायचं. सफोकमधल्या हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधत होते. लागली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी, चमचे, दागिने. थोडा ऐवज वर आल्यावर लॉज थांबले आणि त्यांनी कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी बाकीचं खणून काढलं. जवळजवळ १५,००० नाणी तर मिळालीच, पण ती ज्या लाकडी पेटीत ठेवली होती तिच्या खुणा आणि आत काय कसं रचलं होतं, तेही हाती आलं. ते थांबले नसते तर सोनं तेवढंच मिळालं असतं. पेटी मात्र कायमची गेली असती.

याच्या उलट, महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. त्याचा काहीच दोष नव्हता, तो आपलं काम करत होता. पण त्या वस्तू कोणत्या थरात होत्या हे निश्चित झालं नाही, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद राहिला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्यांना उत्तर हडप्पा काळात ठेवलं, तर डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या घटकांवरून शंका घेतली. अप्रतिम वस्तू समोर आहेत, पण त्यांचा काळ सांगणारी माती तिथे नाही.

म्हणून इथे इंग्लंडमध्ये जुनी वस्तू मिळाली की जागा नकाशावर नोंदवून मी ती फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे अशा वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवतो. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या नोंदणी योजनेत अशा १५ लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. १९९६च्या ट्रेझर कायद्यात बसणारी वस्तू असेल तर १४ दिवसांत कळवणं बंधनकारकच आहे.

सुट्टीला महाराष्ट्रात घरी जाताना डिटेक्टर नेऊन गडावर चालवून बघावा, असं मनात असलेले मराठी मित्र मला भेटतात. त्यांना मी सांगतो, संरक्षित गडावर परवान्याशिवाय खणता येत नाही. आणि इतरत्र जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार ते कलेक्टरला कळवावं लागतं. यंत्र इथेच ठेवून जा.