परत बोलावलेल्या गाड्या: एन्नोरची टिपणे

उत्तर चेन्नईतल्या तिरुवोट्रियूरहून उत्तरेला एन्नोरकडे जाताना काही किलोमीटरच्या पट्ट्यात तीन ठिकाणं लागतात. पहिलं तिरुवोट्रियूरचा एन्फिल्डचा जुना कारखाना, १९५५ पासूनचा. पुढे अशोक लेलँड. १९४८ साली अशोक मोटर्स या नावाने सुरू झालेली ही कंपनी सुरुवातीला ऑस्टिन गाड्या जोडायची. आणि खाडीपलीकडे २००१ साली सुरू झालेलं कामराजर बंदर. चेन्नईजवळच्या ओरगडमसारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून ट्रेलरवर चढून आलेल्या कोऱ्या गाड्या इथून जहाजात शिरतात. बुलेट, एसटीची चासी आणि परदेशी निघालेली छोटी कार असं सगळं एकाच खाऱ्या वाऱ्यात.

या गाड्यांतली एखादी सदोष निघाली तर पुढे काय होतं, ते या टिपणांत लिहून ठेवतो आहे.

*

मे २०२१. रॉयल एन्फिल्डने २,३६,९६६ मोटरसायकली परत बोलावल्या. क्लासिक ३५०, बुलेट ३५० आणि मीटिऑर ३५०, डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळातल्या. बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. इंजिन मिसफायर होऊ शकतं, क्वचित शॉर्टसर्किटही. दोष कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत सापडला होता. प्रत्यक्षात दहा टक्क्यांहून कमी गाड्यांचा भाग बदलावा लागेल असा कंपनीचा अंदाज होता, तरी बोलावल्या मात्र सगळ्या.

मला हे वागणं आवडलं आणि ते उघड सांगायला हवं. कोल्हापूर-सांगलीकडे दारात बुलेट उभी असणं ही घराची शान असते. अशा गाडीचं पत्र आलं की माणूस आधी दुखावतो. ‘नव्या गाडीला लगेच कंपनीत टाकायची?’ त्याचं दुखावणं मी समजू शकतो. पण अपघात होण्याआधी, कोणी कोर्टात खेचण्याआधी, स्वतःच्याच चाचणीवर विश्वास ठेवून अडीच लाखांच्या आसपास ग्राहकांना ‘आमचं चुकलंय, या’ म्हणणारी कंपनी आणि गप्प बसणारी कंपनी यांतली कुठली निवडायची हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. ज्या कंपनीने कधीच गाडी परत बोलावलेली नाही तिच्याबद्दल मला जास्त शंका येते. लाखो गाड्या बनवायच्या आणि एकही भाग कधी चुकायचा नाही, हे कारखान्यात काम केलेला कुठलाही फिटर मान्य करणार नाही.

*

आता याच्या उलट बाजूचं, आणि आपल्या घरचं. २१ मार्च २०१० ला मुंबईत शोरूममधून घरी निघालेल्या कोऱ्या नॅनोने पेट घेतला. आणखीही काही प्रकार झाले. चौकशीनंतर टाटा मोटर्सने सांगितलं की गाडीच्या रचनेत दोष नाही. नंतर नोव्हेंबरमध्ये एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली, पण हे रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावणं, नव्हे असंही बजावलं.

काम तर रिकॉलचंच होतं. मग तसं म्हटलं असतं तर? स्कूटरवर चौघांना घेऊन जाणारं कुटुंब पहिल्यांदा चारचाकी घेणार होतं, त्याला ‘दोष नाही’ या दिलाशाहून ‘दोष शोधला, मिटवला’ हे ऐकायला हवं होतं. नॅनो चालली नाही याची कारणं अनेक आहेत आणि सगळा दोष या एका निर्णयावर टाकणं अन्यायाचं होईल. तरी पुण्यात मनापासून घडवलेल्या त्या गाडीबद्दल हे वाईट वाटत राहतं.

*

मे २०१३ मध्ये निसानने ओरगडमला बनलेल्या मायक्रा आणि सनी परत बोलावल्या. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये खोट होती, गाडी थांबायला जास्त अंतर लागण्याचा धोका होता. जगभरात ६७,०८९ गाड्या, त्यांतल्या २२,१८८ भारतात. म्हणजे एकाच कारखान्यातून, एकाच सदोष भागासह निघालेल्या गाड्यांपैकी बऱ्याच समुद्रापार गेल्या होत्या. युरोपातल्या मायक्राच्या मालकामागे कायदा होता. इथल्या मालकामागे वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये केलेली ऐच्छिक संहिता, म्हणजे कंपन्यांनी स्वतःहून पाळायचा नियम. कायदा इथे नंतर आला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने सरकारला रिकॉलची सक्ती करण्याचा अधिकार दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. स्वतःहून न बोलावणाऱ्या कंपनीला सरकारने भाग पाडलं तर दंड १० लाख ते १ कोटी. मोठ्या कंपनीसाठी हा दंड फार हलका आहे.

*

दमट हवेबद्दल जरा सविस्तर.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये हवा भरण्यासाठी अमोनियम नायट्रेटचा स्फोटक गोळा वापरला जायचा. वर्षानुवर्षं ऊन आणि ओल खाऊन तो बिघडतो, आणि मग धडकेच्या वेळी इतक्या जोरात पेटतो की धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे चालकाच्या गळ्यात, छातीत घुसतात. अमेरिकेतच पंचवीसहून जास्त माणसं यात गेली. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने देशाचे हवामानानुसार विभाग पाडले आणि फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा उष्ण-दमट भागांतल्या गाड्या आधी दुरुस्तीला घेतल्या. २०१७ मध्ये ताकाता दिवाळखोरीत गेली. भारतात होंडाने अनेक टप्प्यांत गाड्या बोलावल्या. जानेवारी २०१७ च्या टप्प्यात २०१२ साली बनलेल्या ४१,५८० होत्या.

याच रसायनाशी उत्तर चेन्नईची वेगळी ओळख आहे. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतचा स्फोट झाला, आणि एन्नोरशेजारच्या मणलीत, कंटेनरच्या एका गोदामात २०१५ पासून जप्त करून ठेवलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट पडून असल्याचं सगळ्यांच्या ध्यानात आलं. घाईने ते हैदराबादला हलवलं गेलं. पाच वर्षं आसपासच्या वस्तीला कोणी काही सांगितलं नव्हतं.

चेन्नई, मुंबई, रत्नागिरी, पणजी. इथली हवा फ्लोरिडापेक्षा कोरडी म्हणता येणार नाही. आणि आपला सक्तीचा नियम सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरता आहे. ताकाताचा धोका तर गाडी जितकी जुनी तितका जास्त! किनाऱ्यावरची दहा-बारा वर्षांची गाडी, जी तिसऱ्या मालकाकडे बिनघोर चालते आहे, तीच या नियमाच्या बाहेर. ही मर्यादा ठरवताना किनाऱ्याचा विचार झालेला दिसत नाही. किमान एअरबॅग, ब्रेक आणि स्टिअरिंगपुरती ती काढून टाकावी असं माझं ठाम मत आहे.

(खाऱ्याचंच आणखी एक. २०२० मध्ये एन्फिल्डने ब्रिटन, युरोप आणि कोरियातल्या सुमारे १५,२०० मोटरसायकली बोलावल्या, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ब्रेकचा कॅलिपर गंजत होता.)

*

एक निकाल. दिल्लीच्या एका ग्राहकाने २०१५ मध्ये क्रेटा घेतली, चेन्नईजवळच्याच इरुंगाट्टुकोट्टई कारखान्याचं मॉडेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. डोक्याला, छातीला, दातांना मार. कंपनीचं म्हणणं होतं की धडक पुरेशा जोराची नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम केला: तीन लाख भरपाई आणि गाडी बदलून. वेग आणि बलाची गणितं करून मग एअरबॅगकडून अपेक्षा ठेवायची असं ग्राहकाकडून अभिप्रेत नाही, हा त्यातला मुद्दा मोलाचा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा रेशन आणि किराण्यातल्या भेसळीशी झुंजणाऱ्या माणसांना अशा निकालाचं अप्रूप वाटलं असतं.

*

लेलँडची चासी. बॉडी नसलेला सांगाडा, वर खोक्यावर बसलेला ड्रायव्हर, तोंडाला फडकं. हायवेवरचं हे दृश्य आता कमी झालं. अशाच चासींवर एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत बॉडी चढायची. २०२४ मध्ये एसटीने लेलँडला २,१०४ तयार बसगाड्यांची ऑर्डर दिली. बसमधल्या प्रवाशाला कुठल्याच कंपनीचं पत्र येत नाही. त्याचा विश्वास महामंडळावर, डेपोतल्या मेकॅनिकवर. म्हणून बसच्या रिकॉलची माहिती डेपोच्या फलकावर लागायला हवी.

*

९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, चेन्नईजवळच्या मरैमलैनगरच्या कारखान्यासह. याच कंपनीने २०१३ मध्ये फिगो आणि क्लासिक मिळून १,६६,०२१ गाड्या मागच्या ॲक्सलचा बीम आणि पॉवर स्टिअरिंगचा पाइप तपासायला बोलावल्या होत्या. सर्व्हिस आणि सुटे भाग चालू राहतील असं तिने जाताना सांगितलं. ज्याने नवी गाडी घेतली त्याच्याजवळ शोरूमचा फोन नंबर असेल. परभणीत किंवा लातुरात सेकंडहँड फिगो घेतलेल्याला मात्र २०१३ चं पत्र कुठून मिळणार? ते पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलं.

*

शेवटी दोन मागण्या लिहून ठेवतो.

किती गाड्या बोलावल्या हे आपल्याकडे छापून येतं. किती दुरुस्त झाल्या, हेही कंपनीने दर तिमाहीला जाहीर करावं. अमेरिकेत कंपन्यांना तसा अहवाल सरकारला द्यावा लागतो.

दुसरी मागणी: रिकॉल चासी नंबरला चिकटलेलं असावं, मालकाच्या पत्त्याला नव्हे. सरकारच्या ‘वाहन’ यंत्रणेत प्रत्येक गाडीचा चासी नंबर आहेच. विमा भरताना, आरसी नावावर करताना आणि पीयूसी काढताना त्या गाडीचं अपुरं राहिलेलं रिकॉल पडद्यावर दिसावं, आणि पावतीवर दोन ओळींत मराठीत, तमिळमध्ये, ज्या त्या राज्याच्या भाषेत छापून मिळावं. पीयूसीवाला गाडीचा नंबर तसाही टाइप करतोच.