वितळण्यापुरता वेळ

कोकोचं लोणी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. आपल्या अंगाची ऊब ३७ अंशांची. या दोन-तीन अंशांच्या फरकात चॉकलेटचं सगळं सुख साठलेलं आहे, असं मला वाटतं. हातात असेपर्यंत कडक, मोडताना टक्कन आवाज करणारं आणि जिभेवर ठेवलं की आपणहून पातळ होत जाणारं असं दुसरं गोड मला माहीत नाही. त्याला दातांची गरजच नसते. वडी टाळूला लावून गप्प बसलं की आधी नुसता गुळगुळीतपणा लागतो. मग कडवटपणा उमटतो, त्याच्यामागून एखाद्या फळाचा आंबटसरपणा येतो, आणि गोडवा रेंगाळतो तो सगळ्यांत शेवटी. वास मोकळा होतो तोही वितळता वितळता. घशामागून नाकाकडे तो चढत जातो. चावून खाणाऱ्याला यातलं निम्मंही मिळत नाही. जे हुकलं ते शोधत त्याचा हात पुढच्या वडीकडे जातो आणि तीही तशीच संपते.

माझी आवड आता ठरून गेली आहे. सत्तर टक्के कोकोचं, आत काहीही न घातलेलं. काजू नकोत, बेदाणे नकोत, वरून भुरभुरलेलं मीठही नको. पंच्याऐंशीच्या पुढे गेलं की मला तोंडाला कोरड पडल्यासारखं होतं. अलीकडे आपल्याकडच्या कोकोची चॉकलेटं मिळू लागली आहेत, याचा मला फार आनंद आहे. कोची, पुदुच्चेरी, म्हैसूर इथले लहान कारखाने बागाईतदारांकडून बिया घेतात आणि वेष्टनावर गावाचं, जिल्ह्याचं नाव छापतात. इडुक्कीच्या बियांचं चॉकलेट मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा त्यातल्या फळाच्या आंबटपणाने चकित झाले होते. असा आंबटपणा चॉकलेटमध्ये असतो, हेच तोवर ठाऊक नव्हतं.

दुधाच्या चॉकलेटला मात्र मी कमी लेखत नाही. १८७५ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हवे गावी डॅनिएल पेटर यांनी चॉकलेटमध्ये दूध मिसळून दाखवलं. चार वर्षांनी बर्नमध्ये रोडॉल्फ लिंट यांनी ते तासन्‌तास घोटून रेशमी करण्याची रीत काढली. आज जगभरची मुलं ज्याला चॉकलेट म्हणतात, ते या दोघांमुळे. मला मनापासून नावडतं ते कंपाउंड. त्यात कोकोचं लोणी नसतं, त्याऐवजी स्वस्त वनस्पती तेलं असतात. ते जिभेच्या उबेला दाद देत नाही, टाळूला मेणबत्तीच्या मेणासारखं चिकटून राहतं. दिवाळीत रंगीत चांदीत गुंडाळून येणाऱ्या ‘घरगुती’ चॉकलेटांपैकी बरीच याचीच असतात. वेष्टन उलटं करून घटक वाचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं प्रत्येकाने करावं.

आमचं लहानपण नागपूरचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकायचा आणि चॉकलेट फडताळात ठेवण्याची सोय नसायची. मुंबईची आत्या आली की पिशवीत एक मोठी कॅडबरी असायची. माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवून ती कडक केली जायची, आणि रात्रीची जेवणं झाली की मोठ्या काकू ती वाटायला बसायच्या. जांभळा कागद, आतली चांदी, मग एकेक चौकोन. पोरं जास्त आणि चौकोन कमी असले की काकू सुरी आणायच्या आणि अर्ध्याचे अर्धे करायच्या. लहान-मोठं कुणी नसे, सगळ्यांना सारखा वाटा. मग पैज लागायची, कुणाचा तुकडा शेवटी संपतो. मध्येमध्ये जीभ बाहेर काढून पुरावा दाखवावा लागे. चांदी ज्याच्या वाट्याला येई तो ती पाटीवर पसरून नखाने सपाट करत बसे आणि पुस्तकात जपून ठेवी. त्या एवढ्याशा तुकड्यावर अर्धा तास सहज जायचा. आता सबंध बार खाऊनही तितका वेळ कुणी लावत नाही.

आता घरात वाटणारं कुणी नाही. मोठा बार सोडून लहान घ्यावा, तर मोठ्यावर सवलत असते. रात्री अकराला फोनवर बोट टेकवलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस दारात उभा. काकूंचं काम ज्याचं त्याने करायचं आहे, आणि ते अवघड आहे. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी मेंदूवर केलेलं काम मला इथे नेहमी आठवतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालणाऱ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी दाखवलं. आवडणं ओसरलं तरी हवंसं वाटणं चालूच राहू शकतं. पाचव्या-सहाव्या वडीला नेमकं हेच होतं. चव केव्हाच बोथट झालेली असते आणि हात मात्र थांबत नाही. पहिल्या वडीची मजा त्या सहावीत नसते, हे खाताना कळतही असतं.

म्हणून मी आधी वाटा काढते. वडी मोडते, वाटीत ठेवते, उरलेलं चांदीत घट्ट गुंडाळून डब्यात घालते, डबा वरच्या फळीवर जातो. मग वाटी घेऊन गॅलरीत बसते. फोन आत, टीव्ही बंद. पुढे करायचं काहीच नसतं, तुकडा आपलं काम करतो. बोलायचंही नसतं. एवढं साधं आहे हे, पण मालिका बघता बघता खाल्लेल्या चॉकलेटची चव आठवून पाहा, काही आठवणार नाही.

साखरेचा हिशेब तर कुणालाही करता येतो. नेहमीच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या बारमध्ये पंचवीस ग्रॅमहून अधिक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम म्हणते. सकाळचा चहा त्यातच आला. डार्क चॉकलेटमध्ये साखर कमी, पण लोणी जास्त. उष्मांक जवळपास तेवढेच. ‘डार्क हृदयाला चांगलं असतं’ म्हणत अख्खा बार संपवणारे मी पाहिले आहेत. कोकोचा हृदयाला फायदा होतो का हे पाहण्यासाठी अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या कॉसमॉस चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यात लोकांना कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, चॉकलेट नव्हे. चॉकलेट औषध नाही. आनंदासाठी खायची गोष्ट आहे ती, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

पण मला खरं आवरतं ते झाड. कोकोची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर येतात. नखाएवढी, पांढरट. त्यांचं परागण चिलटांएवढे बारीक कीटक करतात, आणि शेकडो फुलांतून मोजकीच धरतात. फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. एका फळात तीस-चाळीस बिया, पांढऱ्या आंबटगोड गरात रुतलेल्या. त्या गरासकट काही दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, रोज हलवायच्या. मग भाजणं, फोलपटं काढणं, दळणं, घोटणं. शंभर ग्रॅमच्या सत्तर टक्क्यांच्या बारमध्ये दोन-तीन फळांमधल्या सगळ्या बिया जातात. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोनच देश पिकवतात, आणि तिथल्या बागांत लहान मुलं राबतात हे काही लपून राहिलेलं नाही. २०२४ मध्ये रोगराई आणि बिघडलेल्या पावसामुळे पीक घटलं, कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हा बार लहान झाले, काहींमधला कोकोही कमी झाला. शेतकऱ्याच्या हाती त्या भावातलं थोडंच लागलं. इतक्या जणांच्या हातांतून आलेली गोष्ट टीव्हीवरच्या जाहिराती संपेपर्यंत गिळून टाकावी, हे मला पटत नाही.

तेव्हा डिसेंबर-जानेवारीत, हवा गार असताना, एक चांगला लहान बार घ्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे वास मरतो आणि बाहेर काढल्यावर ओल धरून वर पांढुरकी साय येते. दुपारच्या जेवणानंतर दोनेक तास जाऊ द्या. एक वडी मोडा, उरलेलं बंद करून ठेवा, आणि ती विरघळेपर्यंत दात लावू नका.