गोळी सोडली, पावडर धरली

रोवणीचे दिवस होते. लाखनीकडचे एक काकाजी ओपीडीत आले. सकाळी त्यांचा उजवा हात वीस मिनिटं लुळा पडला होता, मग आपोआप ठीक झाला. बीपी १९०/११०. बीपीची गोळी त्यांनी चार महिन्यांपासून बंद केली होती.

"गोळीनं किडनी खराब होते म्हणतेत जी. म्हणून ही अँटिऑक्सिडंट पावडर घेतो," असं म्हणत त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

हात ठीक झाला तरी ही लकव्याची सूचना असते. त्यांना लगेच भरती केलं. मोठा झटका टळला.

पावडर विकणाऱ्याने अर्धं खरं सांगितलं होतं. बीपीच्या रुग्णांमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलेला असतो. म्हणजे काय? रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याने वाहिनी सैल राहते. शरीरातलं अँजिओटेन्सिन वाढलं की अस्तरात फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. वाहिनी आवळते, बीपी वाढतं, अस्तर आणखी बिघडतं.

मग अँटिऑक्सिडंटने फायदा का होत नाही? २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांवर रॅमिप्रिल ही बीपीची गोळी आणि व्हिटॅमिन ई, दोन्ही तपासले गेले. रॅमिप्रिलने हार्ट अटॅक, लकवा आणि मृत्यू कमी झाले. व्हिटॅमिन ईने काहीच फरक पडला नाही. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्या अँजिओटेन्सिनलाच अडवतात, म्हणजे नळ बंद करतात. पावडर फक्त सांडलेलं पाणी पुसू पाहते.

आणि किडनी? ती खराब करतं ते न आवरलेलं बीपी. या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं, गरोदरपणात त्या चालत नाहीत. पण मधुमेहात लघवीतून प्रोटीन जात असेल तर याच गोळ्या किडनी वाचवतात.

आपला भंडारा जिल्हा इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. सरकारी दवाखान्यात बीपीची गोळी मोफत मिळते. काकाजींची पावडर मात्र विकतची होती.

चूक माझीही होती. इतकी वर्षं मी त्यांना गोळी लिहून दिली, ती कशासाठी हे कधी सांगितलं नाही. ती जागा पावडरवाल्याने भरली.

फळं, भाज्या जरूर खा, मीठ कमी करा. पण गोळी बंद करावीशी वाटली तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बीपी नॉर्मल दिसतं, ते गोळी चालू असल्यामुळेच.