धार

मराठी भाषेत ‘धार’ हा शब्द अनेक अर्थांनी नांदतो. पहाटे गोठ्यात गाईची धार काढली जाते, आषाढात पागोळ्यांच्या धारा लागतात आणि कोयत्याच्या पात्यालाही धारच असते. पहिल्या दोन धारा डोळ्यांना दिसतात. तिसरी मात्र जितकी चांगली, तितकी ती दिसेनाशी होते. बोथट पाते उजेडात धरले, तर त्याच्या कडेवर एक बारीक पांढरी रेघ चमकते. ती बोथटपणाची खूण होय. कड झिजून गोल झालेली असते, म्हणून तिच्यावरून प्रकाश परततो. नीट लावलेल्या धारेवर मात्र प्रकाशाला टेकण्यापुरतीही जागा उरत नाही. धारेची परीक्षा अंगठ्याने करू नये, उजेडाने करावी, असे जाणते लोक सांगतात ते याच कारणाने.

या न दिसणाऱ्या रेषेवर ज्यांचे पोट अवलंबून आहे, अशी माणसे बेंगळुरू शहरात जागोजागी आढळतात. रस्त्याच्या कडेला हातगाडी, तिच्यावर हिरव्या शहाळ्यांची रास आणि विक्रेत्याच्या हातात कोयता, हे तेथील नित्याचे दृश्य. ही शहाळी बहुतकरून मंड्या, रामनगर, तुमकूर या भागांतून येतात. म्हैसूरच्या वाटेवरील मद्दूर येथील शहाळ्यांचा बाजार तर दूरवर प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक पैसे काढेपर्यंत विक्रेता शहाळे तळहातावर तोलतो, तीन-चार घाव घालतो, टोकाची टोपी उडवतो आणि पाण्याचा थेंबही न सांडता शहाळे पुढे करतो. पाहणाऱ्याला त्या हाताचे कौतुक वाटते. त्या कौतुकातला निम्मा वाटा धारेचा असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आलेला एक तरुण अशाच एका गाडीवर कामाला लागला होता. आठवीत शाळा सुटलेली, घरची शेती थोडी, आणि शहरात ओळख म्हणावी ती एकट्या गाडीमालकाची. मालक मद्दूरकडचा, साठीला आलेला गृहस्थ. तरुण त्यांना ‘अण्णा’ म्हणे आणि ते त्याला ‘तम्मा’ म्हणत. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अण्णांचा कोयता हाती घेण्याची तरुणाची छाती होत नसे. गाडीच्या खणात पडलेला एक जुना, बोथट कोयता त्याने स्वतःसाठी निवडला. आपण नवखे, हात बसलेला नाही, तेव्हा बोथट पाते बरे, निदान बोट तरी कापणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब अनेक नवखे लोक करतात आणि तो नेमका उलटा असतो. शहाळ्याची साल गुळगुळीत आणि तिच्याखालचा काथ्या चिवट. धारदार पाते सालीत शिरते आणि जिथे शिरले तिथे थांबते. बोथट पाते शिरत नाही, घसरते. शिवाय ते शिरावे म्हणून हात अधिक जोर लावतो आणि घसरलेले पाते तो सगळा जोर बरोबर घेऊन जाते. तिसऱ्या दिवशी तसेच झाले. कोयता शहाळ्यावरून निसटला आणि तरुणाच्या डाव्या अंगठ्याला निसटता स्पर्श करून गाडीच्या फळीत रुतला. जखम लहान होती, पण फळीतली खोच बोटभर होती. ती खोच पाहून तरुणाचा चेहरा उतरला. अण्णांनी जखमेवर पाणी ओतले, स्वच्छ फडके बांधले आणि मग ते म्हणाले, “तम्मा, बोथट कोयता शहाळ्याला घाबरतो, बोटाला घाबरत नाही.”

“पण अण्णा, तुमच्या कोयत्याची मला भीतीच वाटते,” तरुण म्हणाला.

“वाटू दे. भीती वाटली की हात जागेवर राहतो. आजपासून तू शहाळी फोडायची नाहीत. आधी धार लावायला शीक.”

धार लावणे म्हणजे पात्याला काहीतरी चढवणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ‘लावणे’ या क्रियापदाने ती अधिकच पक्की होते. वस्तुतः धार लावताना पात्याला काहीही लागत नाही. उलट त्याच्यातून काही काढून टाकावे लागते. पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे एकमेकींना मिळतात, ती रेषा म्हणजे धार. वापराने ती रेषा झिजून गोल होते, क्वचित वाकते वा तिच्यात खाचा पडतात. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे लोखंड घासून काढले, की त्या बाजू पुन्हा एका नव्या रेषेवर मिळतात. सारी कला आहे ती हे घासणे समप्रमाणात करण्याची आणि योग्य वेळी थांबण्याची.

त्यासाठी लागतो तो निसणा. पूर्वी यासाठी कुरुंद दगड वापरीत. कुरुंद हे अत्यंत कठीण खनिज आहे. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या मानल्या, तर हिऱ्याची पायरी दहावी आणि कुरुंदाची नववी. दक्षिण भारतात तो सापडतो आणि इंग्रजीतील त्याचे नावही इकडच्याच भाषांमधून तिकडे गेले. पुढे 1891 साली एडवर्ड अ‍ॅचिसन या अमेरिकन संशोधकाने विजेच्या भट्टीत वाळू आणि कोळसा यांसारख्या पदार्थांपासून कार्बोरंडम तयार केले. आज लोखंडी सामानाच्या दुकानांत मिळणारा करडा निसणा बहुधा याच पदार्थाचा असतो. त्याची एक बाजू खरखरीत आणि दुसरी मऊ असते. दगडावर आकडा छापलेला असला, तर तो जितका मोठा, तितके कण बारीक. शंभर-दीडशेच्या आकड्याचा दगड खाचा काढण्यासाठी, तर हजाराच्या आसपासचा दगड धार गुळगुळीत करण्यासाठी वापरावा.

अण्णांनी तरुणाला आधी कोयता दिला नाही. घरातला भाजीचा चाकू दिला. दगड पाण्यात बुडवून ओल्या गोणपाटावर ठेवला, म्हणजे तो हलत नाही. घासताना निघणारा लोखंडाचा आणि दगडाचा चुरा पाण्याबरोबर वाहून जातो, नाहीतर तो दगडाच्या छिद्रांत बसतो आणि दगड घासेनासा होतो. मग प्रश्न आला कोनाचा. पाते दगडावर अगदी आडवे ठेवले, तर धार कागदासारखी पातळ होते आणि पहिल्याच घावात दुमडते. फार उभे धरले, तर ती टिकते, पण कापत नाही. नवख्याला हा कोन डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी अण्णांनी एक साधी युक्ती दाखवली. वहीच्या कागदाचा कोपरा काटकोनाचा असतो, म्हणजे 90 अंशांचा. तो एकदा दुमडला की 45 अंश होतात आणि पुन्हा दुमडला की साडेबावीस. दुमडलेला तो कोपरा दगडावर ठेवून त्याच्या उताराला पाते टेकवले, की चाकूचा कोन मिळाला. कोयत्याला घाव सोसायचे असतात, म्हणून त्याचे पाते याहून थोडे उभे धरावे. शाळेत निरुपयोगी वाटलेले कोनांचे गणित हातात असे उपयोगी पडलेले पाहून तरुणाला नवल वाटले.

कोन मिळाला तरी तो राखणे कठीणच. हात नकळत डुलतो आणि धार गोल होते. यावर उपाय असा, की पात्याच्या कडेला शाईच्या जाड पेनाने एक पट्टा ओढावा आणि दोन-चार वेळा घासून पाहावे. शाई धारेपाशीच पुसली गेली, तर पाते फार उभे धरले आहे, आणि ती वरच्या अंगाला पुसली जाऊन धारेपाशी राहिली, तर पाते फार आडवे झाले आहे. शाई सगळीकडे सारखी गेली, की हात बरोबर चालला असे समजावे. या कामात शिक्षा करणारा शिक्षक नसतो. चूक झाली की शाई ती तेथल्या तेथे दाखवते.

एक बाजू पुरेशी घासली गेल्याची खूण दुसऱ्या बाजूला मिळते. घासलेल्या बाजूचे लोखंड कडेवरून पलीकडे किंचित वळते आणि तिथे केसापेक्षाही बारीक अशी खरखरीत कड तयार होते. बोटाचे टोक पाठीकडून धारेच्या बाहेर, म्हणजे पात्याला आडवे, हलकेच ओढले की ती कड जाणवते. बोट धारेच्या लांबीवरून मात्र कधीही फिरवू नये. ही कड मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली, की बाजू बदलावी. पुढे दर वेळी जोर कमी कमी करत जावे. पहिल्या दिवशी तरुणाने अर्धा तास जोरजोराने घासले आणि चाकू होता त्याहून बोथट केला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि पाच-सहा वेळा चाकू दगडावरून फिरवला. किती जोर लावायचा, हे शब्दांत सांगता येत नाही. ते असे हातातून हातात द्यावे लागते.

दगडाचे काम संपल्यावरही ती सूक्ष्म कड पात्याला चिकटून राहते. ती तशीच ठेवली, तर धार पहिल्या काही घावांपुरती तिखट वाटते आणि लगेच बसते. ती काढण्यासाठी चामड्याचा पट्टा वापरतात. जुन्या पिढीतील लोकांनी हा पट्टा न्हाव्याच्या दुकानात पाहिला असेल. खुर्चीच्या बाजूला टांगलेल्या पट्ट्यावर वस्तरा फटफट फिरवल्याशिवाय दाढीला सुरुवात होत नसे. पुढे बदलत्या पात्यांचे वस्तरे आले, संसर्ग टाळण्यासाठी ते योग्यही ठरले आणि शहरांतील दुकानांतून ते पट्टे बहुतेक नाहीसे झाले. अण्णांनी कमरेच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा लाकडी फळीवर चिकटवून ठेवला होता. पट्ट्यावर पाते फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची असते. धार पुढे केली, तर ती चामडेच कापत जाते. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा वेळा हलक्या हाताने पाते ओढले, की कड निघून जाते आणि धार स्वच्छ होते.

बेंगळुरूच्या गल्ल्यांतून सायकलवर सहाणेचे चाक बसवून फिरणारे धारवालेही असतात. स्टँडवर चढवलेली सायकल पायांनी फिरवली, की पट्ट्याने जोडलेले दगडी चाक गरगर फिरते आणि पात्यातून ठिणग्या उडतात. मुले ते पाहायला जमतात. त्या ठिणग्या म्हणजे पात्यातून निघून चाललेले तापलेले लोखंडच होय. पाते खाच पडून खराब झाले असेल, तर चाकाला पर्याय नाही. पण चाकावर पाते फार तापले आणि त्यावर निळसर झाक आली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरते, म्हणजे पोलाद मऊ पडते. म्हणून जाणता धारवाला पाते पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवतो. अण्णा वर्षातून एकदोनदाच चाकाकडे जात. रोजचे काम निसणा आणि पट्टा यांवर भागवीत.

ज्या प्रदेशात हे घडत होते, तो पोलादासाठी एके काळी जगात नावाजलेला होता. म्हैसूर आणि आसपासच्या मुलखात मातीच्या मुशीत बनणाऱ्या पोलादाला कानडीत ‘उक्कु’ म्हणतात. युरोपात ते ‘वूट्झ’ म्हणून ओळखले गेले आणि हे नाव ‘उक्कु’वरूनच आले असावे, असे अभ्यासक मानतात. लंडनमध्ये 1819 च्या सुमारास या पोलादाचे रहस्य शोधण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत मायकेल फॅरडे होता. फॅरडे लोहाराचा मुलगा. त्याचेही शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करता करता तो वाचायला आणि विचार करायला शिकला, आणि त्याने या कामात हात दिला तो जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या कारागिराबरोबर. प्रयोगशाळा आणि निसणा यांच्यात वाटते तितके अंतर नसते.

सुमारे महिन्याभराने तरुणाच्या हातात कोयता आला. त्याबरोबर काही नियमही आले. कोयता दुसऱ्याला देताना खाली ठेवावा आणि समोरच्याने मुठीने उचलावा. काम थांबले की पाते गोणपाटात गुंडाळावे. गाडीजवळ मूल आले की हात थांबवावा. रागात असताना कोयत्याला हात लावू नये. मराठीत ‘अवजार’ आणि ‘हत्यार’ असे दोन वेगळे शब्द आहेत. 1959 च्या शस्त्र कायद्यातही केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. पाते मात्र दोन्हींचे सारखेच असते. अवजाराचे हत्यार होते ते हातामुळे.

एके दिवशी तरुणाने अण्णांचा कोयता आणि खणातला जुना कोयता शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही एकाच लोहाराने मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेले, एकाच मापाचे. पण अण्णांच्या कोयत्याचे पाते दोन बोटे अरुंद झाले होते. तितके लोखंड अठरा वर्षांत, रोज थोडे थोडे, दगडावरच्या पाण्यातून वाहून गेले होते. निसणाही मधोमध खोलगट झाला होता. तरुणाने तो उचलला, फरशीवर वाळू आणि पाणी घेतले आणि दगडाचा तो खड्डा भरेतो, म्हणजे कडा उतरून तो पुन्हा सपाट होईतो, त्याला घासत बसला. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते.